समुद्राचे प्रदूषण, मुलांचे हक्क आणि कायदा : तिन्हींचा एकत्र शोध कसा घ्यावा

जपानमधील मिनामाता येथे १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली, तेव्हा पहिल्या रुग्णांमध्ये लहान मुले होती. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून सांडपाण्याबरोबर समुद्रात जाणारा मिथाइल पारा मासे आणि शिंपल्यांमार्फत माणसांच्या शरीरात उतरत होता, हे कारण जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली. मधल्या काळात आईच्या गर्भातच विषबाधा झालेली बालके जन्माला आली होती. सागरी प्रदूषण, बालकाचे संरक्षण आणि माणसाचा जगण्याचा हक्क या तीन गोष्टी इथे इतक्या गुंतलेल्या आहेत की एक बाजूला ठेवून दुसरीचा विचारच करता येत नाही. कायद्याच्या अभ्यासात मात्र त्या तीन वेगळ्या विषयांत विभागल्या गेल्या आहेत. सागरी कायद्याचा अभ्यासक जहाजांचे नियम वाचतो, बालहक्कांचा अभ्यासक शोषण आणि मजुरीचे कायदे वाचतो, आणि मानवी हक्कांचा अभ्यासक बहुधा या दोघांच्या दस्तऐवजांपर्यंत पोहोचतच नाही.

हे तीन विषय एकाच प्रश्नाभोवती आणून त्यांचा विश्वासार्ह शोध कसा घ्यावा, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. कायद्याचे विद्यार्थी, नव्याने वकिली करणारे, बालहक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते आणि पर्यावरणावर लिहिणारे पत्रकार हे माझ्या डोळ्यांसमोरचे वाचक आहेत. या क्षेत्रात कायदा शोधणे आता फार कठीण राहिलेले नाही. सापडलेल्या मजकुराचे बळ किती, तो कोणाला बांधतो, कोणत्या तारखेपासून बांधतो आणि त्यावर कोणापुढे दाद मागता येते, हे तपासण्यातच खरे कष्ट आहेत.

पहिली पायरी : करारापूर्वी घटना लिहून काढा

सुरुवात करारांच्या यादीपासून करू नये. आधी एका पानावर घटना लिहावी : समुद्रात काय गेले, कोठून गेले, कोणाच्या ताब्यातून गेले, कोणत्या काळात गेले, कोणत्या मुलांचे त्याने काय नुकसान झाले किंवा होण्याचा धोका आहे, आणि त्यांना नेमके काय हवे आहे. भरपाई, प्रदूषण थांबवण्याचा आदेश, वैद्यकीय तपासणी, दडवलेली माहिती किंवा दोषींवर खटला, यांपैकी प्रत्येक मागणीला लागणारा कायदा वेगळा असतो आणि न्यायपीठही वेगळे असते.

या पानावरचा सर्वांत निर्णायक प्रश्न प्रदूषणाच्या स्रोताचा आहे. किनाऱ्यावर आलेला तेलाचा तवंग तेलवाहू जहाजाच्या अपघातातून आलेला असू शकतो, जहाजाच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आलेला असू शकतो, समुद्रातील तेलविहिरीतून आलेला असू शकतो किंवा जमिनीवरच्या एखाद्या कारखान्याच्या नाल्यातून आलेला असू शकतो. डोळ्यांना तवंग एकच दिसतो, पण कायद्याच्या दृष्टीने ही चार वेगळी प्रकरणे आहेत. मालवाहू पदार्थाचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या कंटेनर जहाजाला आग लागली आणि प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मोठ्या प्रमाणावर समुद्रात पसरल्या. तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी असलेली १९९२ ची भरपाईव्यवस्था इथे गैरलागू होती, आणि घातक व हानिकारक मालासाठीचा स्वतंत्र भरपाई करार, म्हणजे १९९६ चा करार व त्याचा २०१० चा प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेला पूरक करार), तेव्हा अमलातच आलेला नव्हता. शेवटी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी १ अब्ज अमेरिकी डॉलर भरपाईचा आदेश दिला तो मूलभूत हक्कांच्या याचिकांवर. सागरी भरपाईच्या करारांत जागा न सापडलेल्या नुकसानीला मानवी हक्कांच्या कायद्यात वाट मिळाली, आणि म्हणूनच दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून शोधात असायला हव्यात.

वर्गीकरण किती वादग्रस्त होऊ शकते याचे ठळक उदाहरण २००६ सालचे आहे. 'प्रोबो कोआला' या जहाजावर तयार झालेला विषारी कचरा आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात ठिकठिकाणी टाकला गेला. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरील १९८९ चा बाझल करार जहाजाच्या नेहमीच्या कामकाजातून निर्माण होणारा आणि दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येणारा कचरा आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. त्यामुळे हा कचरा 'नेहमीच्या कामकाजातला' मानायचा की जहाजावर मुद्दाम केलेल्या औद्योगिक प्रक्रियेतला, यावर कोणता करार लागू होईल हे अवलंबून होते. मानवी हक्कांच्या अंगाने मात्र आफ्रिकी मानव आणि लोकहक्क न्यायालयाने ५ सप्टेंबर २०२३ च्या निकालात जीवन, आरोग्य आणि समाधानकारक पर्यावरण यांसह अनेक हक्कांच्या उल्लंघनासाठी आयव्हरी कोस्टच्या सरकारला जबाबदार धरले.

मुलाच्या बाबतीत वय एकदा लिहून भागत नाही. विषारी पदार्थाशी संपर्क आला तेव्हाचे वय, लक्षणे दिसली तेव्हाचे वय आणि दाद मागताना असलेले वय अशा तीन नोंदी ठेवाव्यात, कारण मुदतीचे नियम, पालकाने प्रतिनिधित्व करण्याची गरज आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे संरक्षण या तिन्हींचा हिशेब त्यांवर चालतो. गर्भावस्थेतील विषबाधेबाबत विशेष सावध असावे. बालहक्क संहितेच्या उद्देशिकेत जन्मापूर्वीच्या व जन्मानंतरच्या संरक्षणाचा उल्लेख आहे, पण कलम १ मध्ये बालपण नेमके कधी सुरू होते हे जाणूनबुजून मोकळे ठेवले आहे. अशा प्रकरणात आईच्या आरोग्याचा हक्क आणि जन्मलेल्या मुलाला झालेली इजा या दोन्ही बाजूंनी मांडणी करणे अधिक भक्कम ठरते.

दुसरी पायरी : मूळ मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा

लेख, पुस्तके आणि अहवाल यांच्याआधी मूळ कलमे वाचावीत, आणि ती सुटी न वाचता एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली गेली आणि २ सप्टेंबर १९९० पासून अमलात आहे. तिच्या कलम २४(२)(ग) मध्ये, म्हणजे आरोग्याच्या हक्कात, पौष्टिक अन्न आणि स्वच्छ पिण्याचे पाणी पुरवताना पर्यावरणाच्या प्रदूषणाचे धोके लक्षात घेण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले आहे. समुद्राचा शब्द तिथे नाही. पण किनाऱ्यावरच्या कुटुंबाचे अन्न समुद्रातून येत असेल, तर हे कलम थेट त्या ताटापर्यंत पोहोचते. त्याच्याबरोबर कलम ३ मधील बालकाचे सर्वोत्तम हित, कलम ६ मधील जगणे आणि विकास, आणि कलम १२ मधील मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क यांची नोंद करावी.

दुसऱ्या बाजूला संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार ठेवावा, जो १६ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आहे. बहुतेक जण थेट त्याच्या बाराव्या भागाकडे, म्हणजे कलम १९२ ते २३७ कडे वळतात आणि पहिल्या कलमातील व्याख्या ओलांडून जातात. सागरी पर्यावरणाच्या प्रदूषणाची तिथे दिलेली व्याख्या केवळ मासे आणि जीवसृष्टीपुरती नाही. माणसाने समुद्रात सोडलेल्या पदार्थामुळे किंवा ऊर्जेमुळे मानवी आरोग्याला होणारा धोकाही त्या व्याख्येत नावानिशी आहे. सागरी कायदा माणसाविषयी बोलत नाही असे म्हणणाऱ्याला द्यायचे पहिले उत्तर हेच आहे, आणि दोन्ही करारांना जोडणारा पहिला दुवाही हाच आहे.

बाराव्या भागात कलम १९२ सर्व राष्ट्रांवर सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचे सर्वसाधारण बंधन घालते आणि कलम १९४ त्यासाठी करायच्या उपायांविषयी बोलते. त्यानंतर स्रोतानुसार कलमे बदलतात, आणि त्यांच्या बळातला फरक बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही. जहाजांविषयीचे कलम २११ सांगते की ध्वजराष्ट्राचे, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या राष्ट्रात आहे त्याचे, कायदे सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमांइतके तरी परिणामकारक असलेच पाहिजेत. जमिनीवरून होणाऱ्या प्रदूषणाविषयीचे कलम २०७ मात्र आंतरराष्ट्रीय नियम 'लक्षात घेऊन' कायदे करावेत, एवढेच म्हणते. म्हणजे जहाजाच्या बाबतीत किमान पातळी ठरलेली आहे, आणि कारखान्याच्या नाल्याच्या बाबतीत राष्ट्राला बराच मोकळेपणा आहे. समुद्रातील प्रदूषणाचा फार मोठा भाग जमिनीवरून येतो हे लक्षात घेतले, तर मला ही या कराराची सर्वांत मोठी उणीव वाटते. संशोधकासाठी तिचा व्यावहारिक अर्थ असा की स्रोत जमिनीवर असेल, तर केवळ सागरी करारावर भिस्त न ठेवता मानवी हक्क, देशाची राज्यघटना आणि विशिष्ट पदार्थांवरील करार यांच्याकडे लवकर वळावे. पाऱ्याच्या बाबतीत असा करार आहे : २०१३ चा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आहे.

जहाजांसाठी प्रमुख मजकूर जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल कराराचा, म्हणजे १९७३ चा मूळ करार आणि १९७८ चा प्रोटोकॉल यांचा. त्याची सहा परिशिष्टे अनुक्रमे तेल, घाऊक नेले जाणारे घातक द्रव, बंद वेष्टनातील हानिकारक पदार्थ, मैलापाणी, कचरा आणि जहाजांमुळे होणारे वायुप्रदूषण यांच्याविषयी आहेत. समुद्रात मुद्दाम टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यासाठी १९७२ चा लंडन करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल आहे. मूळ करारात निवडक पदार्थांवर बंदी होती. प्रोटोकॉलने ती रचना उलटी करून परवानगी असलेल्या थोड्या पदार्थांची यादी दिली आणि बाकी सर्व निषिद्ध ठरवले.

मूल प्रदूषणाचे बळी असण्याऐवजी समुद्रावरच्या कामात जुंपलेले असेल, तर मजकूर पुन्हा बदलतो. मासेमारीतील कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा करार क्रमांक १८८ किमान वय सर्वसाधारणपणे १६ वर्षे ठरवतो, तर २००६ चा सागरी कामगार करार मासेमारी नौकांना लागूच होत नाही. बालमजुरीच्या अतिवाईट प्रकारांवरील १९९९ चा करार क्रमांक १८२ मात्र २०२० मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य राष्ट्रांनी मान्य केला, आणि त्यामुळे युक्तिवादात त्याचे वजन फार मोठे आहे.

तिसरी पायरी : करार लागू आहे का, कधीपासून आणि कितपत

करार सापडला म्हणजे तो संबंधित राष्ट्राला लागू आहे असे होत नाही. प्रत्येक करारासाठी सहीची तारीख, अनुसमर्थनाची (म्हणजे सहीनंतर करार औपचारिकपणे स्वीकारल्याची) तारीख, त्या राष्ट्रासाठी अमलात आल्याची तारीख आणि काही तरतुदी बाजूला ठेवण्यासाठी त्या राष्ट्राने केलेली निवेदने अशा चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. घटना या तारखांच्या आधीची असेल, तर करार बहुधा कामास येत नाही. अमेरिकेने बालहक्क संहितेवर सही केली असली तरी तिचे अनुसमर्थन केलेले नाही, आणि सागरी कायदा करारातही ती सामील नाही. तिच्याविरुद्धच्या मांडणीसाठी रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा, म्हणजे राष्ट्रांच्या प्रस्थापित प्रथेतून बंधनकारक ठरलेल्या नियमांचा, आधार शोधावा लागतो, आणि ते वेगळ्या प्रकारचे, अधिक कष्टाचे संशोधन आहे.

ही माहिती कोठे पाहायची, यात अनेकांची फसगत होते. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा असलेल्या करारांची स्थिती 'यूएन ट्रीटी कलेक्शन'मध्ये मिळते. बालहक्क संहिता आणि सागरी कायदा करार तिथे आहेत. मार्पोलची स्थिती आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, स्थितीपत्रकात पाहावी लागते आणि कामगार करारांची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 'नॉर्मलेक्स' या संग्रहात. पहिल्या संकेतस्थळावर मार्पोल न सापडल्यामुळे 'या राष्ट्राने तो मान्य केलेला नाही' असा निष्कर्ष काढला, तर सगळा निबंध चुकीच्या पायावर उभा राहतो.

मार्पोलच्या बाबतीत आणखी दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली अशी की परिशिष्ट १ आणि २ प्रत्येक सदस्यराष्ट्रावर बंधनकारक आहेत, पण ३ ते ६ ऐच्छिक आहेत, आणि म्हणून प्रत्येक परिशिष्टाची स्थिती स्वतंत्रपणे तपासावी. दुसरी अशी की परिशिष्टांतील दुरुस्त्या मूक संमतीच्या पद्धतीने अमलात येतात; ठरलेल्या मुदतीत पुरेशा राष्ट्रांनी हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती आपोआप लागू होते. जुन्या छापील पुस्तकातला मजकूर त्यामुळे कालबाह्य असण्याची शक्यता फार असते. जहाजांवरील कचऱ्याविषयीचे परिशिष्ट ५ नव्या रूपात १ जानेवारी २०१३ पासून लागू झाले आणि त्याने पूर्वीची पद्धत पालटून, अपवाद वगळता सर्व कचरा समुद्रात टाकण्यास बंदी केली. घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशी अमलात असलेलाच मजकूर वापरावा.

संहितेच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार करण्याचा विचार असेल, तर संहितेचे अनुसमर्थन पुरेसे नसते. त्यासाठीचा तिसरा वैकल्पिक प्रोटोकॉल १९ डिसेंबर २०११ रोजी स्वीकारला गेला आणि १४ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. तो वेगळा मान्य केलेल्या राष्ट्रांविरुद्धच तशी तक्रार चालते.

चौथी पायरी : दुवे शोधा आणि त्यांचे बळ मोजा

दोन करार शेजारी ठेवले म्हणजे ते आपोआप जोडले जात नाहीत. करारांच्या अर्थनिर्णयाचे नियम १९६९ च्या व्हिएन्ना करारात आहेत, आणि त्यातील कलम ३१(३)(ग) सांगते की कराराचा अर्थ लावताना पक्षांमध्ये लागू असलेले आंतरराष्ट्रीय कायद्याचे इतर संबंधित नियमही विचारात घ्यावेत. सागरी कायदा वाचताना बालहक्क संहितेकडे पाहण्याची आणि संहिता वाचताना सागरी नियमांकडे पाहण्याची कायदेशीर मुभा या कलमातून मिळते. युक्तिवादात हा आधार स्पष्ट शब्दांत नोंदवावा. तो गृहीत धरला की विरुद्ध पक्ष पहिला घाव तिथेच घालतो.

यानंतर हा दुवा आधी कोणी जोडला आहे का ते पाहावे. माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयुक्त दस्तऐवज म्हणजे आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचे १५ नोव्हेंबर २०१७ चे सल्लागार मत क्रमांक २३. कोलंबियाने विचारलेला प्रश्न मुळात कॅरिबियन समुद्राच्या पर्यावरणाविषयीचा होता. न्यायालयाने निरोगी पर्यावरणाचा हक्क स्वतंत्र हक्क म्हणून मान्य केला आणि म्हटले की हानीचे मूळ ज्या राष्ट्राच्या भूमीवर आहे आणि त्या कृतींवर ज्याचे परिणामकारक नियंत्रण आहे, त्या राष्ट्राची जबाबदारी सीमेपलीकडच्या माणसांपर्यंतही पोहोचू शकते. समुद्राला कुंपण नसल्यामुळे हा मुद्दा अत्यंत मोलाचा आहे.

मुलांच्या बाजूने असाच दुवा बालहक्क समितीच्या २०२३ च्या सामान्य टिप्पणी क्रमांक २६ मध्ये आहे. हवामानबदलावर विशेष भर देऊन मुलांचे हक्क आणि पर्यावरण यांचा विचार करणाऱ्या या टिप्पणीत सागरी प्रदूषण रोखण्याचे आणि मुलांच्या आरोग्याला व सागरी परिसंस्थेला घातक असलेले पदार्थ समुद्रात जाऊ न देण्याचे आवाहन राष्ट्रांना केले आहे. सागरी बाजूने आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाचे २१ मे २०२४ चे सल्लागार मत पाहावे. माणसाने वातावरणात सोडलेले हरितगृह वायूही सागरी कायदा कराराच्या व्याख्येनुसार सागरी प्रदूषण ठरतात, असे त्यात म्हटले आहे.

आता बळ मोजण्याचा भाग. करार पक्षराष्ट्रांना बांधतो. न्यायालयाचा निकाल मुख्यतः त्या खटल्यातील पक्षांना बांधतो. सल्लागार मत स्वतः बंधनकारक नसते, पण कायदा काय आहे याविषयीचे अत्यंत अधिकारी विवेचन म्हणून त्याचे वजन मोठे असते. समितीची सामान्य टिप्पणी हे संहितेचे अधिकृत अर्थविवरण असते, कायदा नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी ठराव ७६/३०० द्वारे स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाचा मानवी हक्क मान्य केला. १६१ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणी नव्हते आणि आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. हा ठराव राष्ट्रांच्या सहमतीचा जोरदार पुरावा आहे, पण त्याला 'करार' म्हणणे चूक आहे. आपल्या टिपणवहीत प्रत्येक आधारापुढे तो बांधतो की पटवतो, हे एका शब्दात लिहून ठेवण्याची सवय लावावी. हा फरक धूसर ठेवलेला निबंध जाणकार वाचकापुढे टिकत नाही.

पाचवी पायरी : दार कोणते आणि त्याच्या अटी कोणत्या

अनेक अभ्यासक हक्कांवर शंभर पाने लिहितात आणि तक्रार कोणापुढे चालेल याला शेवटी दोन परिच्छेद देतात. माझा आग्रह आहे की हे काम मध्यावरच उरकावे, कारण त्यावरून उरलेल्या संशोधनाची दिशा ठरते. सागरी कायदा कराराखालचे वाद प्रामुख्याने राष्ट्राराष्ट्रांतले असतात. एखादे बाधित कुटुंब किंवा संस्था तिथे स्वतः जाऊ शकत नाही. मानवी हक्कांच्या यंत्रणांकडे व्यक्ती जाऊ शकते, पण राष्ट्राविरुद्ध, कंपनीविरुद्ध नाही. कंपनीविरुद्ध बहुतेक वेळा देशातील न्यायालयेच उरतात.

आंतरराष्ट्रीय यंत्रणांची सर्वांत कठोर अट म्हणजे आधी देशांतर्गत उपाय संपवलेले असणे. विविध देशांतील १६ मुलांनी २०१९ मध्ये हवामानबदलाच्या संदर्भात अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध बालहक्क समितीकडे तक्रार केली. समितीने २०२१ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. सीमेपलीकडील मुलांना पोहोचणाऱ्या हानीसाठी उत्सर्जन करणारे राष्ट्र जबाबदार ठरू शकते, हे तिने तत्त्वतः मान्य केले. आणि मुलांनी आधी त्या देशांतील उपाय वापरले नाहीत म्हणून तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला. हे प्रकरण पुष्कळदा केवळ विजय म्हणून किंवा केवळ पराभव म्हणून सांगितले जाते, आणि दोन्ही अपुरे आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी सहा पोर्तुगीज तरुणांच्या अर्जात सीमापार अधिकारक्षेत्राचा युक्तिवाद मात्र मान्य केला नाही, आणि पोर्तुगालविरुद्धचा भागही देशांतर्गत उपाय न वापरल्यामुळे फेटाळला. सीमापार हानीच्या प्रश्नावर आंतर-अमेरिकी न्यायालय आणि बालहक्क समिती एका बाजूला, तर युरोपीय न्यायालय दुसऱ्या बाजूला आहे. ही मतभिन्नता लपवू नये. ती मांडूनच आपली बाजू उभी करावी.

मुदतीची नोंद पहिल्या पानावर ठेवावी. बालहक्क समितीकडे देशांतर्गत उपाय संपल्यापासून एक वर्षात यावे लागते. युरोपीय न्यायालयाची मुदत फेब्रुवारी २०२२ पासून सहा महिन्यांवरून चार महिन्यांवर आली. तेलवाहू जहाजांच्या गळतीच्या भरपाईसाठी १९९२ च्या व्यवस्थेत नुकसान झाल्यापासून तीन वर्षे आणि कोणत्याही परिस्थितीत दुर्घटनेपासून सहा वर्षे अशी सीमा आहे. प्रदूषणामुळे होणारे काही आजार वर्षानुवर्षे दिसत नाहीत, त्यामुळे मुलांच्या बाबतीत ही सीमा विशेष क्रूर ठरू शकते.

देशांतर्गत न्यायालयांतील कामाचे उत्तम उदाहरण फिलिपिन्समध्ये सापडते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या 'ओपोसा' निकालात अल्पवयीन याचिकाकर्त्यांना स्वतःच्या आणि पुढील पिढ्यांच्या वतीने जंगलतोडीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार मान्य केला. १८ डिसेंबर २००८ रोजी त्याच न्यायालयाने मनिला उपसागराच्या प्रदूषणाच्या प्रकरणात 'ओपोसा'चा आधार घेत सरकारी यंत्रणांना उपसागर स्वच्छ करण्याचा आदेश दिला आणि अंमलबजावणीवर न्यायालयाची सततची देखरेख ठेवली. मुलांच्या जंगलविषयक याचिकेतून निघालेले तत्त्व समुद्रापर्यंत असे पोहोचले. ही साखळी विषयानुसार लावलेल्या सूचीत दिसत नाही. एका निकालाचा आधार पुढे कोणी घेतला हे शोधत गेल्यावरच ती सापडते.

सहावी पायरी : निकाल शोधणे आणि पूर्ण वाचणे

शोधाची साधने आता बव्हंशी मोफत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हक्क समित्यांचे वैयक्तिक तक्रारींवरील निर्णय 'ज्युरिस' या संग्रहात, युरोपीय न्यायालयाचे निकाल 'हुडॉक'मध्ये, आणि पर्यावरणविषयक करार, राष्ट्रीय कायदे व निकाल 'एकोलेक्स' आणि 'फाओलेक्स'मध्ये मिळतात. संयुक्त राष्ट्रांचा दस्तऐवज शोधताना शीर्षकाऐवजी त्याचे सांकेतिक चिन्ह वापरावे, कारण एकाच विषयावर डझनभर सारख्या नावाचे अहवाल असतात. शोधशब्द एकच ठेवू नयेत. सागरी निकालांत 'मूल' हा शब्द बहुधा येत नाही. तिथे मच्छीमार समुदाय, अन्न, आरोग्य, उपजीविका असे शब्द येतात. बालहक्कांच्या दस्तऐवजांत समुद्राऐवजी विषारी पदार्थ, पाणी, घातक कचरा असे शब्द असतात. दोन्ही शब्दसंच परस्परांच्या संग्रहांत घालून पाहणे ही या विषयातली सर्वांत फलदायी युक्ती आहे.

निकालाचा सारांश वाचून थांबू नये. 'ओपोसा' निकालाने वृक्षतोडीचे परवाने रद्द केले असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात न्यायालयाने खालच्या न्यायालयाने फेटाळलेला दावा पुन्हा जिवंत केला. परवाने त्या निकालाने रद्द झाले नाहीत. न्यायालयाने निर्णय देण्यासाठी आवश्यक म्हणून काय ठरवले आणि ओघात काय म्हटले, हे वेगळे करून परिच्छेद क्रमांकासह नोंदवावे. अल्पमतातील न्यायाधीशांची मतेही वाचावीत, कारण विरुद्ध बाजूचा सर्वोत्तम युक्तिवाद तिथे तयार सापडतो.

बालहक्क संहिता आणि सागरी कायदा करार या दोन्हींचे अधिकृत मजकूर अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा भाषांत आहेत. मराठी अनुवाद समजून घेण्यासाठी जरूर वापरावा, पण कलमाच्या शब्दांवर युक्तिवाद उभा करायचा असेल, तर अधिकृत मजकुराशी ताडून पाहावा.

सातवी पायरी : पुराव्याची साखळी

कायदा कितीही भक्कम असला तरी पदार्थ अमुक ठिकाणाहून निघाला, मुलांपर्यंत पोहोचला आणि त्याने इजा झाली, हे तीन टप्पे स्वतंत्रपणे दाखवावे लागतात. जहाजाच्या बाबतीत मार्पोलखाली ठेवावी लागणारी तेल-नोंदवही, कचरा-नोंदवही, बंदरातील तपासणीचे अहवाल आणि जहाजाच्या स्वयंचलित ओळखप्रणालीतील मार्गनोंदी महत्त्वाच्या असतात. जमिनीवरच्या स्रोतासाठी परवान्यातील मर्यादा आणि प्रत्यक्ष मोजमाप यांची तुलना करावी. वैद्यकीय पुराव्यात प्रौढांसाठीचे सुरक्षित प्रमाण मुलांना लावू नये. वजनाच्या तुलनेत मुले अधिक अन्न, पाणी आणि हवा घेतात आणि त्यांचे अवयव अजून घडत असतात. प्रत्येक शास्त्रीय विधान त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

आठवी पायरी : ज्यांच्यासाठी संशोधन आहे त्या मुलांची सुरक्षितता

बाधित मुलांशी बोलणे, त्यांची छायाचित्रे घेणे किंवा त्यांचे वैद्यकीय कागद वापरणे यांत संशोधनाने स्वतःच मुलांचे हक्क मोडण्याचा धोका असतो. संहितेचे कलम १६ मुलाच्या खाजगीपणाचे रक्षण करते, आणि तक्रारींविषयीचा तिसरा प्रोटोकॉल स्पष्ट संमतीशिवाय तक्रारदाराची ओळख जाहीर करण्यास मनाई करतो. बळी आणि साक्षीदार असलेल्या मुलांच्या न्यायाविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००५ च्या ठराव २० द्वारे मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. मुलाखतीआधी ती वाचावीत. पालकाची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी या दोन्ही हव्यात, आणि मुलाला केव्हाही थांबण्याची मोकळीक असावी. नाव बदलले की ओळख लपली, असे समजू नये. छोट्या मच्छीमार वस्तीत वय, आजार आणि वडिलांच्या नौकेचा उल्लेख एवढ्यावरूनही मूल ओळखले जाते. जी माहिती युक्तिवादासाठी लागत नाही, ती गोळाच करू नये.

नववी पायरी : लिहिताना आणि सादर करण्यापूर्वी

लेखनात प्रत्येक विधानाला त्याचा आधार लगेच जोडावा : कराराचे कलम, निकालाचा परिच्छेद, दस्तऐवजाचे चिन्ह आणि संकेतस्थळ पाहिल्याची तारीख. दुय्यम लेखात उद्धृत केलेले वाक्य मूळ ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय वापरू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सुचवलेल्या निकालांना हा नियम दुप्पट लागू होतो. अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. अशी साधने शोधशब्द सुचवण्यास किंवा लांब दस्तऐवजात वाट दाखवण्यास उपयोगी पडतात. आधार म्हणून केवळ स्वतः उघडून वाचलेला मूळ मजकूरच चालतो.

काम संपत आल्यावर विरुद्ध पक्षाच्या भूमिकेतून एकदा संपूर्ण मांडणी वाचावी. स्रोत सिद्ध झाला नाही, करार लागू नाही, मुदत संपली, हे न्यायपीठ नाही, सांगितलेला दस्तऐवज बंधनकारक नाही, या पाच हरकतींना आपल्या लेखनात उत्तर आहे का ते पाहावे. ज्या हरकतीला उत्तर नसेल ती मान्य करून मागणी तेवढी मर्यादित करावी. सादर करण्याच्या दिवशी करारांची स्थिती पुन्हा एकदा तपासावी, कारण हे क्षेत्र वेगाने बदलते आहे. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेविषयीचा करार १९ जून २०२३ रोजी स्वीकारला गेला, आवश्यक ६० अनुसमर्थने सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ ही तो अमलात येण्याची तारीख ठरली. त्याआधी लिहिलेल्या प्रत्येक निबंधातील त्या कराराविषयीचे वाक्य दुरुस्त करावे लागते. तपासणीची तारीख निबंधाच्या पहिल्या पानावर नोंदवावी, म्हणजे वाचकाला माहिती कोणत्या दिवसापर्यंतची आहे ते कळते.